बरण्यांवरची जुनी शास्त्रीय नावं: खोडायची की ठेवायची?

खाडीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत जुने नमुने भरपूर आहेत. फॉर्मालिनमधले बेडूक, कोलंबी, पाकट, विंचू, आणि जाड कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या फांद्या. जवळजवळ सगळं माझ्या आधीच्या सरांनी जमवलेलं. सुट्टीच्या दिवशी ते सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर), खाडीत, बंदरावर फिरून आणायचे. प्रत्येक नमुन्यावर शाईने शास्त्रीय नाव, गाव, तारीख, आणि कित्येकदा ज्याने आणून दिलं त्याचंही नाव लिहिलेलं आहे.

आता तपासणी यायची आहे. वरून सांगितलं गेलंय की कालबाह्य नावांची लेबलं काढा, नवी छापील लावा, फुटक्या बरण्या टाकून द्या. मी कामाला लागले, पण हात पुढे जाईना.

बेडकावर 'राना टायग्रिना' लिहिलंय, आता तो होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. अंगणात येणाऱ्या खरखरीत पाठीच्या भेकावर 'ब्यूफो मेलॅनोस्टिक्टस', तो २००६ पासून डटाफ्रायनस. खैराच्या फांदीखाली 'अकेशिया कॅटेचू', आता सेनेगालिया. सरांनी उंडी आणि सुरंगी कोकमाच्याच कुळात लावल्या होत्या. अलीकडच्या वर्गीकरणात कोकम त्या कुळात राहिलं आणि या दोघी कॅलोफायलेसी कुळात गेल्या. लाल विंचवावर 'ब्यूथस टॅम्युलस'. कोलंबीवर 'पीनियस इंडिकस' आहे. मी शिकले तेव्हा तिला फेन्नेरोपीनियस म्हणायचं होतं, आणि आता पुन्हा पीनियस. म्हणजे त्या लेबलाला कोणी हातही लावला नाही आणि ते एकदा चुकीचं ठरून परत बरोबर झालं.

बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, म्हणजे सरांना माहीत होतं ते चुकीचं होतं का?" मी नेहमीचं उत्तर दिलं की विज्ञान स्वतःला सुधारत राहतं. ती गप्प बसली, पण पटलेलं दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते उत्तर मलाही पुरत नाही. सुधारतं म्हणजे आधीचं नेमकं काय टाकलं आणि काय ठेवलं? हे सांगता येत नसेल तर ती मुलगी असंच समजणार की आज ती पाठ करतेय तेही वीस वर्षांनी टाकूनच द्यायचं आहे.

तर दोन प्रश्न. नाव किंवा कूळ बदललं की आधीच्या ज्ञानातलं नक्की काय पडतं? आणि या लेबलांचं मी काय करू?

---

मिरकरवाडा

मॅडम, आधी एक विनंती. एकही लेबल फाडू नका. बाकीचं सावकाश बोलू.

माझी सगळी नोकरी रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेट्टीवर मासे मोजण्यात गेली. पहाटे बोटी लागल्या की टोपल्यांतून मासा घ्यायचा, फूटपट्टीवर लांबी, तराजूवर वजन, पोट फाडून गाभोळी (अंड्यांची पिशवी) बघायची, वहीत लिहायचं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातून देणार नाही, पापलेटावरून देतो.

पापलेटाला आम्ही आयुष्यभर 'पॅम्पस अर्जेंटियस' लिहीत आलो. हे नाव मुळात १७८८ साली युफ्रासेनने चीनकडच्या माशावरून दिलेलं. पुढे १८२९ मध्ये क्युव्हिएने हिंदी महासागराच्या बाजूच्या माशाला 'कँडिडस' असं वेगळं नाव दिलं होतं, पण नंतरच्यांना दोघांत फरक दिसेना, म्हणून कँडिडस रद्द होऊन सगळे अर्जेंटियस झाले. २०१९ च्या सुमारास आपल्याकडच्या संशोधकांनी डीएनए आणि शरीराची मापं दोन्ही तपासली आणि सांगितलं की आपल्या किनाऱ्यावरचा पापलेट चीनच्या पापलेटाहून वेगळा आहे, त्याचं नाव पॅम्पस कँडिडस. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्यमासा केलं तो हाच. कित्येक ठिकाणी अजून जुनंच नाव छापतात, तो भाग वेगळा.

आता माझ्या वह्यांचं काय झालं? त्यांत 'अर्जेंटियस' लिहिलंय. पण कुठल्या महिन्यात गाभोळी भरते, किती लांबीची मादी पहिल्यांदा अंडी धरते, कुठल्या जाळ्यात केवढा मासा येतो, हे सगळं मी मिरकरवाड्यावर उतरलेल्या माशावर मोजलं होतं. तो मासा कँडिडसच होता, मी त्याला काहीही म्हणत असलो तरी. त्या आकड्यांना धक्का लागला नाही.

पडलं ते दुसरंच. आमच्याकडे एखाद्या गोष्टीचा आकडा नसला की आम्ही चीनच्या समुद्रातल्या अभ्यासातला घ्यायचो. मासा किती वर्षं जगतो, वर्षाला किती वाढतो, असले आकडे. नाव एकच, म्हणून मासा एकच, म्हणून आकडा चालेल, असा तो हिशोब. नाव वेगळं झालं त्या दिवशी हा हिशोब उघडा पडला. ते आकडे चीनच्या पापलेटासाठी खरेच आहेत, फक्त आपल्या पापलेटासाठी ते आता तपासल्याशिवाय वापरता येत नाहीत.

म्हणजे तुमच्या सरांना माहीत होतं ते चुकीचं होतं का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. त्यांनी त्या बेडकात, त्या कोलंबीत स्वतः जे पाहिलं ते जागच्या जागी आहे. नावाच्या भरवशावर दुसरीकडून आणलेलं जे काही असेल ते पुन्हा तपासायला हवं. आणि दोन्ही वेगळं करता येतं ते फक्त लेबलावरच्या गावामुळे आणि तारखेमुळे. म्हणून म्हटलं, फाडू नका.

कोलंबीबद्दल थोडं. १९९७ साली पेरेझ फारफांते आणि केन्सली यांनी पीनियस ही मोठी प्रजाती (शास्त्रीय नावातला पहिला शब्द म्हणजे प्रजाती) सहा प्रजातींत वाटली. व्हाइट कोलंबी, म्हणजे तुमची इंडिकस, गेली फेन्नेरोपीनियसमध्ये, टायगर कोलंबी पीनियसमध्येच राहिली, परदेशी व्हॅनामेई लिटोपीनियस झाली. २०११ मध्ये मा, चॅन आणि चू यांनी जनुकं तपासून दाखवलं की ही वाटणी नात्यांशी जुळत नाही, सगळ्यांना पुन्हा पीनियसच म्हणावं. आपल्याकडे व्हॅनामेईची शेती २००९ पासून वाढली, नेमकी या मधल्या काळात. त्यामुळे खाडीच्या काठी तळ्यात कोलंबी वाढवणाऱ्या तळीवाल्याला जुनी माहिती शोधायची तर दोन्ही नावांनी शोधावी लागते. एकाच नावाने शोधलं तर निम्मी हाताला लागत नाही. नावबदलाचा खरा त्रास मी पाहिला तो हा. ज्ञान खोटं ठरत नाही, ते हरवतं.

---

महाडकर डॉक्टर

तुमच्या बरणीतल्या लाल विंचवाबद्दल लिहितो, कारण त्याच्याशी आमचा संबंध रोजचा.

१७९८ साली फॅब्रिसियसने त्याचं वर्णन केलं तेव्हा प्रजातीचं नाव 'स्कॉर्पिओ' होतं. नंतर ब्यूथस, मग मेसोब्यूथस, आता हॉटेंटोटा. टॅम्युलस हे शेवटचं नाव तेवढं तसंच राहिलं.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा भाताच्या पेंढ्यात, लाकडाच्या राशीत, चपलेत हा विंचू चावलेली माणसं यायची आणि डोळ्यांदेखत जायची. गंभीर रुग्णांतले शंभरातले तीसच्या आसपास दगावत असत. त्यांनी एकेका रुग्णाजवळ रात्ररात्र बसून नोंदी केल्या. घाम, थंडगार हातपाय, उलटी, आधी वाढलेला रक्तदाब, मग फुफ्फुसात पाणी. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या या नोंदी आल्या, आणि १९८६ मध्ये प्राझोसिनच्या गोळीबद्दल. रक्तदाबाची ही साधी, स्वस्त गोळी वेळेत दिली की विषाने शरीरात उसळलेला तो सगळा कल्लोळ आटोक्यात येतो. मृत्यूचं प्रमाण त्यानंतर अगदी खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जुन्या वैद्यकीय लेखांत हा विंचू ब्यूथस आहे, नंतरच्यांत मेसोब्यूथस, आताच्यांत हॉटेंटोटा. गोळीचा डोस कुठल्याच नावाने बदलला नाही. बावस्करांनी ते महाडच्या रुग्णांवर, महाडच्या विंचवाच्या डंखावर पाहिलं होतं. मिरकरवाडा म्हणतात तेच इथेही लागू आहे.

पण त्यांच्या मुद्द्याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. नाव बदललं नाही म्हणून सगळं ठीक, असंही समजू नये. फुरसं घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सर्वांत जास्त भेटणारा विषारी साप. आपल्याकडेही एकिस कॅरिनेटस, पश्चिम राजस्थानातही एकिस कॅरिनेटस, फार तर तिथल्याची उपजात वेगळी मानतात. आपल्याकडचं सापाच्या विषावरचं इंजेक्शन बनवायला लागणारं विष बरंचसं तामिळनाडूतल्या सापांचं असतं. तेच इंजेक्शन राजस्थानातल्या फुरशावर अपेक्षेइतकं काम करत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. नाव एकच असल्याने एकीकडचं ज्ञान दुसरीकडे चालेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. उद्या कोणी या सापांची दोन नावं केली तर मी त्याला ज्ञानाची मोडतोड म्हणणार नाही. रुग्णाच्या बिछान्याजवळ जे आधीच दिसत होतं ते कागदावर आलं, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की नावं पाठ करणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

---

कातभट्टी

मी सावर्ड्याच्या बाजूचा. आमच्याकडे खैर लावतात, तोडतात, कात काढतात, पिढ्यान्‌पिढ्या. वरची चर्चा वाचली, चांगली आहे, पण सगळे फार समजूतदारपणे बोलताय. आमचा अनुभव कडू आहे.

रोपवाटिकेच्या बिलावर 'सेनेगालिया कॅटेचू' छापून आलं आणि परवान्याच्या कागदावर 'अकेशिया कॅटेचू'. एका कार्यालयात कारकुनाने कागद अडवले, दोन वेगळी झाडं आहेत म्हणाला. माल तोडून पडलेला, पावसाचे दिवस जवळ आलेले. शेवटी झालं काम, पण जो मनस्ताप झाला तो झालाच.

आणि मी वाचलं त्याप्रमाणे हे नाव ठरवायला शास्त्रज्ञांनी मतदान घेतलं! अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांना ठेवायचं आणि आपल्या बाभळीला, खैराला दुसरं द्यायचं. आमच्याकडे सामाजिक वनीकरणात सडे भरून जी ऑस्ट्रेलियन झाडं लावली, ज्यांच्याखाली गवतही धड उगवत नाही, ती अकेशिया राहिली आणि आमचा खैर बाहेर! ज्ञान असेल तर ते मतांवर कसं ठरतं? मला हे कोणीतरी नीट समजावून सांगा. रागाने नाही, खरंच विचारतोय.

---

सड्यावरची सुरंगी

दादा, तुमचा राग रास्त आहे, आणि प्रश्न तर या चर्चेतला सर्वांत चांगला. मी वेंगुर्ल्याची, वनस्पतिशास्त्रात काम करते. थोडं लांबण लावते.

त्या प्रकरणात दोन निर्णय होते, आणि ते नेहमी एकत्र सांगितले जातात म्हणून गोंधळ होतो.

पहिला नात्याचा. जनुकं तपासल्यावर दिसलं की अकेशिया म्हणून जी हजाराहून अधिक झाडं एकत्र ठेवली होती ती एका पूर्वजाची पोरं नाहीत. बाभूळ-हिवर एका शाखेवर, खैर दुसऱ्या, ऑस्ट्रेलियातली तिसऱ्या. यावर मतदान झालं नाही आणि होऊही शकत नाही. उद्या कोणी अधिक चांगला पुरावा आणला तर हे बदलेल, हात वर करून बदलणार नाही.

दुसरा निर्णय, या शाखांपैकी अकेशिया हे जुनं नाव कोणी ठेवायचं. नियम असा की नमुनेदार जात, म्हणजे प्रजातीच्या नावासाठी जी जात आधार धरलेली असते ती, ज्या गटात, नाव त्या गटाचं. ती जात होती आपली बाभूळ. नियमाप्रमाणे नाव बाभळीकडे यायला हवं होतं, पण मग ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या आसपास जातींना नवी नावं द्यावी लागली असती. म्हणून २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नमुनेदार जातच बदलून ऑस्ट्रेलियन केली, आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झालं. यात सोय होती, वजन होतं, आणि आफ्रिका-आशियातल्या कित्येक अभ्यासकांना ते अन्यायाचं वाटलं. मलाही वाटतं. पण तो नावाच्या मालकीचा वाद होता. खैराच्या गाभ्यात कात किती, तो किती वर्षांनी तोडणीला येतो, याबद्दल व्हिएन्नात कोणी एक अक्षर बोललं नाही. तुमच्या भट्टीवर जे माहीत आहे ते कुठल्याही परिषदेच्या हातात नाही.

शिवाय खैर अकेशिया तरी कुठे कायमचा होता? १७८२ मध्ये तो 'मिमोसा कॅटेचू' होता. लाजाळूच्या प्रजातीत!

आता खाडीकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तुम्हाला जे करायला सांगितलंय ते कुठल्याही चांगल्या वनस्पतिसंग्रहात करत नाहीत. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात कोकणातली जुनी पानं काढून बघा. मूळ लेबल जिथल्या तिथे असतं. नाव बदललं की त्याच कागदावर मोकळ्या जागी एक छोटी चिठ्ठी चिकटवतात: नवं नाव, कोणी ठरवलं, कधी. पुन्हा बदललं की आणखी एक चिठ्ठी. काही कागदांवर एकाखाली एक चार-चार अभ्यासकांची अक्षरं दिसतात. सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखंच आहे हे. जुनी नोंद कंसात जाते पण फेरफाराच्या नंबरावरून मागे जाता येतं. जुनं लेबल काढून टाकणं म्हणजे मागचे फेरफार जाळणं.

आणि नवं वर्गीकरण काय देतं, तेही मुलांना सांगा, नाहीतर त्यांना तो नुसता त्रास वाटेल. तिवराचं उदाहरण घ्या, तुमच्या खाडीत भरपूर असेल. जुन्या पुस्तकांत तो सागाच्या कुळात होता. पुढे त्याला स्वतःचं कूळ दिलं. आता तो अकँथेसीत आहे, म्हणजे त्याच चिखलात वाढणाऱ्या काटेरी मारांडीच्या कुळात. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे खंड छापले, त्यांतलं तिवराचं वर्णन घेऊन आजही खाडीत उतरा, झाड ओळखता येतं. पण पानातून मीठ बाहेर टाकणं तिवरातही आहे आणि मारांडीतही. दोघे एका कुळात आल्यावर आता विचारता येतं की ही करामत एकाच वारशातून आली की दोघांनी वेगवेगळी कमावली? ते दूरचे परके मानले होते तोवर हा प्रश्न कोणाला सुचण्याचं कारणच नव्हतं.

---

तारकर्लीचो होडीवालो

माका शास्त्रातला काय समजणा नाय, पण डॉल्फिनाबद्दल इचारूचा होता. आमच्याकडे खाडी समुद्राक मिळता थंय जे दिसतत, तेंच्या पाठीर कुबड आसता. ते फारशे उडये मारणत नाय, पाठ दाखवतत आणि परत खाली जातत. भायर खोल पाण्यात गेलास तर थंय वेगळे, बारके, हवेत उडणारे. म्हाताऱ्या रापणकारांका इचारलास तरी हेच सांगतले. मागे एक पर्यटक बोल्लो की ह्या कुबडवाल्याचा नाव बदल्ला. नाव बदलल्यान आमका काय फरक पडता काय?

---

निवती रॉक

काका, तुम्हाला आणि डॉल्फिनला, दोघांनाही पडतो.

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी. तुमचा कुबडवाला म्हणजे आता सूसा प्लंबिया. पापलेटासारखीच याची कथा, सालसुद्धा तेच. १८२९ मध्ये क्युव्हिएने मलबार किनाऱ्यावरून याला वेगळं नाव दिलं होतं. नंतर बराच काळ याला चीनच्या डॉल्फिनबरोबर, सूसा चायनेन्सिसबरोबर, एकच मानलं. २०१४ मध्ये जेफरसन आणि रोझेनबॉम यांनी कवट्या, रंग, जनुकं असा मिळेल तो सगळा पुरावा एकत्र तपासून कुबडवाल्या डॉल्फिनांच्या चार जाती ठरवल्या, आणि आपला पुन्हा वेगळा झाला.

हाँगकाँगच्या बाजूचे प्रौढ डॉल्फिन गुलाबी पडतात. आपले करडेच राहतात आणि त्यांचं कुबड मोठं असतं. एक जात मानली होती तोवर ती आफ्रिकेपासून चीन-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली दिसायची. एवढ्या मोठ्या पट्ट्यातला प्राणी कागदावर फारसा संकटात वाटत नाही. वाटणी झाल्यावर आपल्या जातीचा हिशोब वेगळा मांडला गेला आणि २०१७ मध्ये ती 'संकटग्रस्त' ठरली. उथळ पाण्यातच राहते, किनारा सोडत नाही, त्यामुळे जाळ्यात अडकणं, होड्यांची वर्दळ, खाडीतून येणारी घाण, सगळं तिच्याच वाट्याला येतं.

इथे मला मिरकरवाडा काकांच्या बोलण्यात एक भर घालायची आहे. काही वेळा जुनं ज्ञान खरोखर पडतं, आणि ते पडलेलं बरं असतं. 'हा डॉल्फिन भरपूर ठिकाणी आहे, काळजी नको' हे विधान इथे कोणी मोजून काढलेलं नव्हतं. ते नुसतं एका नावाखाली सगळ्यांना घातल्यामुळे तयार झालं होतं. याउलट रापणकार म्हातारे जे सांगतात, की किनाऱ्याचे वेगळे आणि बाहेरचे वेगळे, ते कुठल्याही यादीत नसताना खरं होतं.

म्हणून काका, पाहुण्यांना दाखवायला नेता तेव्हा इंजिन बंद ठेवा, पाठलाग नको. आणि कधी, कुठे, किती दिसले हे वहीत लिहून ठेवाल का? पिल्लू बरोबर असेल तर तेही. नाव काय लिहाल ते लिहा, जागा आणि तारीख मात्र हवी.

---

तारकर्लीचो होडीवालो

लिवतंय. माझ्या चेडवाक सांगतंय, तिचा अक्षर बरा आसा.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात बेडकाची बरणी, खैराचा कागद आणि कोलंबी घेऊन गेले. त्या मुलीला म्हटलं, सरांच्या लेबलावरची कुठली ओळ उद्याही खरी राहील ते तूच सांग. तिने बराच वेळ बघून तारीख आणि गाव दाखवलं, आणि मग म्हणाली, "बरणीतला बेडूक पण." त्यावर वर्गात खूप बोलणं झालं. एका मुलाने विचारलं की मग नाव लिहायचंच कशाला? त्याला मी तळीवाल्याचं सांगितलं, की नावाशिवाय दुसऱ्याने मोजलेलं आपल्यापर्यंत पोचणारच नाही.

वरिष्ठांना मी लेखी कळवलंय की मूळ लेबलं राहतील आणि शेजारी नवी चिठ्ठी लागेल. ब्लॅटरच्या पद्धतीचा उल्लेख केलाय. अजून उत्तर नाही, पण मी काम सुरू केलंय.

एक अडचण आहे. कागदांवर चिठ्ठी चिकटवता येते, बरण्यांचं काय? बाहेरून लावलेली लेबलं दमट हवेने सुटतात. काही तर आताच गळून कपाटाच्या तळाशी पडलीत आणि कुठलं कुठल्या बरणीचं ते कळत नाही.

---

मिरकरवाडा

बरणीच्या आत टाका. जाड, कापडी धाग्याचा कागद घ्या आणि साध्या पेन्सिलने लिहा. पेन्सिल फॉर्मालिनमध्ये पुसत नाही, बॉलपेन आणि छापील शाई पसरते. आत दोन चिठ्ठ्या: सरांच्या लेबलाची जशीच्या तशी नक्कल, चुका असल्या तर चुकांसकट, आणि दुसरी तुमची, नवं नाव, ठरवणाऱ्याचं नाव आणि वर्षासह. सरांचं मूळ लेबल पाकिटात घालून त्यावर बरणीचा नंबर लिहा. फुटक्या बरणीतला नमुना नव्या बरणीत हलवा, खिडक्या उघड्या ठेवून आणि हातमोजे घालून. हे काम मुलांकडून करून घेऊ नका, फॉर्मालिन वाईट.

गळून पडलेल्या लेबलांसाठी सरांची नोंदवही शोधा. जो माणूस आणून देणाऱ्याचं नाव लिहितो तो वही ठेवल्याशिवाय राहत नाही. सर हयात असतील तर थेट त्यांनाच विचारा, आणि हे लवकर करा.

आणि तुमच्या पाकटाच्या बरणीबद्दल कोणीच बोललं नाही. त्यावर 'हिमँटुरा' लिहिलेलं असेल तर सांभाळून, २०१६ मध्ये त्या प्रजातीची मोठी फेररचना झाली आणि आपल्याकडची बरीच पाकटं दुसऱ्या प्रजातींत गेली. नुसतं जुन्या नावावरून नवं नाव ठरवू नका. पाठीवरची नक्षी, मध्यावरच्या काट्यांची रांग आणि शेपटी बुडापासून टोकापर्यंत, असे तीन स्वच्छ फोटो इथे टाका. शेपटी तुटलेली असली तरी चालेल, किती उरली आहे ते पट्टी ठेवून दाखवा. बघून सांगतो.